गावातील कर्करोग : संशय आणि शोध

(सुवर्ण महोत्सवानिमित्त नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात आरोग्य शिबिर भरले, की रक्तदाब आणि साखरेच्या तपासण्या आटोपल्यावर एखादा वयस्कर ग्रामस्थ डॉक्टरांना बाजूला घेऊन एक प्रश्न विचारतो. "डॉक्टरसाहेब, आमच्याच गावात कॅन्सरचे रोगी इतके कसे? एकाच आळीत चार माणसे गेली. पाण्यात काही दोष आहे का? का फवारणीच्या औषधाने होते?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. रोगाचे मूळ आपल्या परिसरात असू शकते, हा विचार वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. परंतु या प्रश्नाची दोन प्रकारे उपेक्षा होते. काही जण तो हसून सोडून देतात, तर काही जण तत्काळ त्यावर विश्वास ठेवून एखाद्या विहिरीला अथवा कारखान्याला दोषी ठरवून मोकळे होतात. दोन्ही प्रकारांत शोध होतच नाही. यास्तव असा संशय आला असता त्याचा तपास कसा व्हावा, तो आजवर कोठे व कसा झाला आणि आपल्या भागाने त्यातून काय घ्यावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

धोतर आणि नाडी

कर्करोगाची कारणे शोधण्याच्या कामी मुंबईने जगाला मोलाची भर दिली आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसमवेत १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीयांच्या राहणीतील सवयींमधून उद्भवणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन त्यात होते. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची प्रथा होती, त्यातून टाळूला होणारा कर्करोग हा एक. ओठाच्या आत खैनीची चिमूट ठेवल्याने त्याच जागी होणारा कर्करोग हा दुसरा. तिसरा होता धोतराचा. कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथील कातडी प्रथम काळवंडते व जाड होते, पुढे तिचा रंग उडतो, ती चिघळते आणि क्वचित प्रसंगी त्या न भरणाऱ्या जखमेचे रूपांतर कर्करोगात होते.

कापडाच्या व्यवहारात आयुष्य घालविणाऱ्यांनाही कापडाची ही बाजू सहसा ठाऊक नसते. हा विषय केवळ इतिहासजमाही झालेला नाही. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी २०२४ साली दोन वयोवृद्ध महिलांची हकिगत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आवळून बांधलेल्या परकराच्या नाडीने अथवा लुगड्याच्या घट्ट गाठीने कमरेला पडलेल्या व्रणाचे पर्यवसान त्यांच्या बाबतीत कर्करोगात झाले होते. नाडी सैल बांधावी, ती रुंद असावी आणि कमरेवरील जखम महिनोन्महिने भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावी, एवढा साधा उपाय त्यावर आहे.

खानोलकरांना कारण सापडले, ते कशामुळे? त्यांच्यापुढील प्रत्येक कर्करोग एका ठरावीक जागी होता, एरवी तेथे तो क्वचितच आढळे आणि एका विशिष्ट सवयीच्याच माणसांना तो होत असे. खऱ्या परिसरजन्य कर्करोगाची खूण बहुधा अशीच असते. तुर्कस्तानातील कपाडोशिया भागातील करैन नावाच्या छोट्या खेड्यात फुप्फुसाच्या आवरणाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग असाधारण प्रमाणात आढळला. १९७० च्या दशकात डॉ. बारिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा तेथील दगडातील एरिओनाइट या तंतुमय खनिजापर्यंत तो जाऊन पोहोचला. ज्या दगडाची घरे बांधली, त्याच दगडाची धूळ श्वासातून आत जात होती. याउलट एखाद्या गावात एकाला तोंडाचा, दुसरीला स्तनाचा, तिसऱ्याला रक्ताचा आणि चौथीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असेल, तर त्या सर्वांमागे एकच विहीर असण्याची शक्यता फार कमी असते. हे चार रोग नावाने सारखे असले, तरी त्यांची कारणे निरनिराळी आहेत.

बार्शीची खतावणी

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. "आमच्या गावात रोगी फार" असे म्हणताना "फार" कशाच्या तुलनेत, हे प्रथम ठरवावे लागते. व्यापारात नुसत्या विक्रीवरून नफातोटा कळत नाही, त्यासाठी खतावणी लागते. कर्करोगाच्या बाबतीत ही खतावणी म्हणजे जनसंख्याधारित नोंदणी. ठरलेल्या प्रदेशात राहणाऱ्या किती माणसांपैकी किती जणांना, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा कर्करोग एका वर्षात नव्याने झाला, याची ती अखंड नोंद असते.

भारतातील ग्रामीण भागाची पहिली अशी नोंदणी आपल्या शेजारीच झाली, ही मराठवाड्याने अभिमान बाळगावी अशी गोष्ट आहे. १९८७ साली बार्शी येथे सुरू झालेल्या या नोंदणीत सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुका आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील भूम व परांडा हे तालुके घेण्यात आले. एके काळी लातूरचा माल बार्शी लाइट रेल्वेने बाहेर जात असे, त्या वाटेवरचे हे गाव. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. नेने यांचा या कार्यात मोठा वाटा होता.

शहरात रोगी रुग्णालयात येतो आणि त्याची नोंद तेथे मिळते. खेड्यातील रोगी मात्र पुष्कळदा कोणत्याच रुग्णालयात पोहोचत नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. गावातील जाणत्या माणसांना भेटले, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रोग्यांना तपासणीस आणले. त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. या सततच्या वावरामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. केवळ मोजण्यासाठी सुरू झालेल्या कामाने माणसे वाचविण्यास हातभार लावला.

याच पायावर पुढे मोठे संशोधन उभे राहिले. उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश झाला. १९९९ साली त्याचा प्रारंभ झाला आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच करण्यात आली, त्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या, जवळपास तेवढ्याच संख्येच्या गटात ६४ झाले. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे वादही झाला. परंतु एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे जगाला दाखविणाऱ्या स्त्रिया मराठवाड्यातील शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील होत्या.

या खतावणीतून एक आश्चर्यकारक गोष्टही समोर येते. २०१२ ते २०१६ या काळातील देशातील २८ नोंदण्यांचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. वयोमानाचा फरक दूर करून काढलेले सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांत निघाले. एक लाख पुरुषांमागे ३९.५ आणि एक लाख स्त्रियांमागे ४९.४. त्याच अहवालात मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचे प्रमाण २६९.४ होते. तपासणीच्या सोयी कमी असल्याने आपल्याकडील काही रोगी नोंदीतून निसटत असतील, हे मान्य केले तरी अंतर मोठे आहे.

हाच दर धरून ढोबळ हिशेब करू. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला एक किंवा दोन नवे रोगी निघणार, म्हणजे दहा वर्षांत तेरा-चौदा. पसाभर ज्वारी सतरंजीवर उधळली, तर दाणे सारख्या अंतरावर पडत नाहीत. काही ठिकाणी ते दाटीने पडतात, काही ठिकाणी मोकळी जागा राहते. तद्वतच एखाद्या गावाच्या वाट्याला सात रोगी येतील आणि एखाद्याच्या वाट्याला वीस. वीस रोग्यांचे गाव घाबरते, सातांचे गाव निश्चिंत असते. दोन्ही ठिकाणी पाणी एकाच धरणाचे असू शकते.

हिंगोलीचे आकडे

अशा भीतीचा ताजा अनुभव आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्याने घेतला. मार्च २०२५ मध्ये तेथे महिलांसाठी 'संजीवनी' अभियान हाती घेण्यात आले आणि प्रश्नावलीद्वारे २,९२,९९६ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १४,५४२ महिलांमध्ये कर्करोगसदृश लक्षणे आढळल्याची माहिती जुलै २०२५ मध्ये आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधानसभेत दिली. "चौदा हजार महिलांना कर्करोग" असा गैरसमज पसरण्यास एवढा आकडा पुरेसा होता.

परंतु त्याच उत्तरात पुढचा भागही होता. तपासणीअंती तोपर्यंत गर्भाशयमुखाचा कर्करोग तिघींना, स्तनाचा एकीला आणि तोंडाचा आठ जणींना असल्याचे निश्चित झाले होते. एकूण बारा. प्रश्नावलीतील लक्षणे, उदाहरणार्थ अंगावरून पांढरे जाणे, तोंडातील व्रण अथवा स्तनातील गाठ, ही शेकडो साध्या कारणांनीही उद्भवतात. प्रत्येक वीस महिलांमागे एकीला असे लक्षण असावे, यात नवल नाही. लक्षण म्हणजे निदान नव्हे. निदान तुकडा तपासणीने, म्हणजे बायोप्सीनेच होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की पाहणी निष्फळ ठरली असे मुळीच नाही. त्या बारा जणींना वेळेवर उपचाराची संधी मिळाली. दुसरी अशी, की बारांपैकी आठ जणींना तोंडाचा कर्करोग होता. ज्या भागात स्त्रिया मशेरी लावतात आणि तंबाखू खातात, तेथे या आकड्याचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, परंतु तंबाखू घराघरांत आहे. परिसरातील विष शोधण्यास निघालेल्याने पहिली झडती देवघराशेजारच्या कोनाड्यातील मशेरीच्या डबीची घ्यावी.

कपाशीचे दोन प्रदेश

कीटकनाशकांचा संशय सर्वाधिक कोठे तपासला गेला असेल, तर तो पंजाबच्या माळवा भागात. भटिंडा, मानसा, मुक्तसर हे जिल्हे कपाशीचे. तेथील रोगी रेल्वेने बिकानेरला उपचारास जात. तेथील कर्करोग रुग्णालयास आचार्य तुलसी यांचे नाव आहे. रोग्यांच्या गर्दीमुळे लोकांनी त्या गाडीचे नावच 'कॅन्सर ट्रेन' ठेवले होते.

चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने या भागाचा पद्धतशीर अभ्यास केला. भटिंडा जिल्ह्यातील तलवंडी साबो आणि तुलनेसाठी चमकौर साहिब अशा दोन भागांत पावणेदोन लाखांहून अधिक लोकांची घरोघर पाहणी झाली. तलवंडी साबो म्हणजे दमदमा साहिब. शीख धर्मीयांच्या पाच तख्तांपैकी ते एक, जसे आपल्या नांदेडचे हजूर साहिब. निदान झालेल्या रोग्यांचे प्रमाण तलवंडी साबोत लाखामागे सुमारे १०३ आणि चमकौर साहिबात सुमारे ७१ निघाले. म्हणजे तेथील संशय निराधार नव्हता. मात्र कारण एकच एक निघाले नाही. कीटकनाशकांचा अधिक वापर, तंबाखू आणि मद्य या सर्वांकडे संशोधकांनी बोट दाखविले. पुढे तेथील पाण्यात युरेनियमही आढळले, पण कर्करोगाशी त्याचा नेमका संबंध अद्याप निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही.

नांदेडही कपाशीचा जिल्हा. 'नांदेड-४४' हे कपाशीचे संकरित वाण येथल्याच संशोधन केंद्राने दिले. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ते मृत्यू तत्काळ दिसले, म्हणून त्यांची दखल घेतली गेली. दीर्घकाळात होणारे नुकसान असे डोळ्यांना दिसत नाही. कर्करोग अंगात मुरण्यास दहा-वीस वर्षे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली मॅलाथिऑन आणि ग्लायफोसेट यांना "बहुधा कर्करोगकारक" या वर्गात ठेवले आहे. तोंडाला फडके, हातात मोजे आणि फवारणीनंतर स्नान, हे नियम पाळण्यासाठी अंतिम पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

भीतीची किंमत

संशय चुकीचा ठरला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडणीस जाणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पोटदुखी, पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" असे भय घातल्याच्या अनेक हकिगती तेव्हा पुढे आल्या. तिशीतल्या स्त्रियांनी कर्ज काढून निरोगी अवयव गमावला. कर्करोगाची अकारण भीती ही स्वतःच एक व्याधी आहे आणि तिच्यावर काहींचा धंदा चालतो.

गावाचेही तसेच. एखाद्या गावावर "कॅन्सरचे गाव" असा शिक्का बसला, की सोयरिकी जुळविताना लोक बिचकतात आणि जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून तपास पूर्ण होईतो गावाचे नाव चव्हाट्यावर आणू नये.

शोधाची पद्धत

मग तपास कसा व्हावा? पहिली पायरी, रोग्यांची यादी. नाव, वय, अवयव, निदानाचे वर्ष आणि तुकडा तपासणीचा कागद. कागद नसलेली नोंद बाजूला ठेवावी. दुसरी पायरी, नवे आणि जुने रोगी वेगळे करणे. दुकानात आवक आणि शिल्लक यांची एकत्र बेरीज कोणी करीत नाही, परंतु गावातील रोगी मोजताना हीच चूक होते. तिसरी पायरी, गावची लोकसंख्या व वयोमान पाहून अपेक्षित संख्या काढणे आणि प्रत्यक्ष संख्येशी ताडून पाहणे. चौथी, एकाच अवयवाचे रोगी जास्त आहेत काय आणि ते नेहमीपेक्षा कमी वयाचे आहेत काय, हे पाहणे. येथवर संशय टिकला, तरच पाचवी पायरी. पाणी, माती, धूर व व्यवसाय यांची तपासणी, आणि तीही रोगी वीस वर्षांपूर्वी जेथे राहत होता तेथील. शिवाय संशयित गावाइतकीच तपासणी शेजारच्या निरोगी गावाचीही झाली पाहिजे. अन्यथा तुलनाच उरत नाही.

पाण्याच्या अहवालाचा अर्थही नीट लावावा. किनवट परिसरातील विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा ते अधिक झाले, की दात पिवळे पडतात आणि हाडे वाकतात. हा गंभीर प्रश्न आहे व त्यावर उपाय झालाच पाहिजे, परंतु त्याचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला नाही. एका रोगाच्या पुराव्यावर दुसऱ्या रोगाचा निकाल देता येत नाही.

या मार्गाने गेल्यास कारण सापडेलच, असेही आश्वासन कोणी देऊ नये. अमेरिकेत वीस वर्षांत झालेल्या अशा ४२८ तपासांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५६७ प्रकारांपैकी ७२ प्रकारांत रोग्यांची वाढ खरी ठरली आणि स्पष्ट कारण केवळ एका तपासात हाती लागले. जहाजबांधणीच्या आवारातील अॅसबेस्टॉस हे ते कारण. साधनसंपन्न देशाची ही स्थिती आहे. तरीही उरलेल्या तपासांना व्यर्थ म्हणता येत नाही. तेथील लोकांना आपल्या शंकेचे उत्तर मिळाले आणि रोग्यांची नोंद पक्की झाली.

आपल्या हाती काय?

नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. उपचाराची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे. उणीव आहे ती नोंदीची. खेड्यातील मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात "वृद्धापकाळ" अथवा "आजार" एवढेच लिहिलेले असते. त्यावरून कोणताही शास्त्रज्ञ काहीही सिद्ध करू शकणार नाही, आणि त्या गावात खरोखर विष असले तरी ते उघडकीस येणार नाही.

सेवाभावी संस्थांना येथे करण्याजोगे काम आहे आणि ते फार खर्चाचे नाही. शिबिरात येणाऱ्या प्रत्येक रोग्याच्या कागदावर सहा गोष्टी लिहून घ्याव्यात : वय, व्यवसाय, गेल्या वीस वर्षांतील वास्तव्य, पिण्याच्या पाण्याचा उगम, तंबाखूची सवय आणि तुकडा तपासणीचा निष्कर्ष. हे कागद रोग्याचे नाव गुप्त राखून जपून ठेवावेत आणि दरवर्षी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाकडे सोपवावेत. संशयित रोगी तुकडा तपासणीपर्यंत पोहोचेल एवढा प्रवासखर्च द्यावा. पुष्कळ स्त्रिया केवळ बसभाड्यासाठी आणि सोबतीस कोणी नाही म्हणून थांबतात, आणि येतात तेव्हा रोग पुढच्या अवस्थेत गेलेला असतो.

बार्शीच्या कार्यकर्त्यांनी १९८७ साली वह्या घेऊन गावोगाव हिंडण्यास आरंभ केला, तेव्हा पुढे काय निष्पन्न होईल हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या वह्यांमुळेच आज आपल्याला मराठवाड्याविषयी चार गोष्टी खात्रीने बोलता येतात. शिबिराच्या मांडवात तो वयस्कर ग्रामस्थ पुन्हा विचारील, "आमच्याच गावात का?" तेव्हा त्याला हसू नये आणि त्याला घाबरवूही नये. त्याच्यासमोर बसून त्या आळीतील चारही जणांची नावे, वये आणि आजार लिहून घ्यावेत. तपासाला तेथूनच प्रारंभ होतो.